हृदयविकाराचा झटका : उपचार आणि वेळ

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णावर करावयाचा मुख्य उपचार एकच होता आणि तो म्हणजे विश्रांती. रुग्णाने चार ते सहा आठवडे बिछान्यावर पडून राहावे, स्वतः होऊन कुशीवरही वळू नये, घास दुसऱ्याने भरवावा, असा दंडक असे. हृदयाच्या स्नायूला जखम झाली आहे. ती भरून येईपर्यंत त्याच्यावर भार पडता कामा नये, हा त्यामागील विचार. वरकरणी तो पटण्याजोगा होता. परंतु महिना-दीड महिना निश्चल पडून असलेल्या रुग्णांच्या पायांतील नीलांमध्ये रक्त गोठे, गुठळी सुटून फुप्फुसात जाई आणि हृदयाच्या दुखण्यातून वाचलेला माणूस विश्रांतीने दगावे. आज त्याच दुखण्याच्या रुग्णाला, गुंतागुंत नसल्यास, एक-दोन दिवसांत खाटेवरून उतरविले जाते आणि बहुधा आठवड्याच्या आत तो घरी परततो.

हा बदल एकाएकी झालेला नाही. त्यामागे दोन शतकांचे निरीक्षण आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांतील अतिशय चिकाटीचे संशोधन आहे. या संशोधनाची कथा मनोवेधक आहेच. परंतु तिचे महत्त्व निराळ्या कारणासाठी आहे. झटक्यावरील औषधाचे सामर्थ्य औषधात जितके आहे, तितकेच ते कोणत्या घटकेला दिले गेले यात आहे, असे या संशोधनाने आकड्यांनिशी दाखवून दिले. ही गोष्ट मोठ्या शहरातील रुग्णापेक्षा तालुक्याच्या गावी किंवा वाडी-वस्तीवर राहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे.

छातीतील कळ

विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ मध्ये लंडनच्या वैद्यक महाविद्यालयापुढे छातीतील एका विशिष्ट दुखण्याचे वर्णन केले. ते १७७२ मध्ये प्रसिद्ध झाले. चालताना, विशेषतः चढणीवर आणि जेवणानंतर लगेच चालताना छातीत आवळल्यासारखी कळ येते आणि माणूस थबकला की ती नाहीशी होते, हे त्याने अचूक टिपले होते. तथापि हे दुखणे हृदयातील रक्तवाहिन्यांचे आहे, हे त्याच्या ध्यानी आले नव्हते.

हृदय सर्व शरीराला रक्त पुरविते; पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते पुरविणाऱ्या वाहिन्यांना हृद्‌रोहिणी म्हणतात. महारोहिणीच्या उगमापाशीच डावी व उजवी अशा दोन हृद्‌रोहिणी निघतात आणि हृदयाच्या पृष्ठभागावर फांद्यांप्रमाणे पसरतात. वयोमानाने, तंबाखूने, मधुमेहाने, वाढलेल्या रक्तदाबाने आणि रक्तातील कोलेस्टेरॉलच्या आधिक्याने या वाहिन्यांच्या आतल्या अस्तरात मेदाचे थर साचतात. वाट अरुंद झाली की श्रमाच्या वेळी रक्त अपुरे पडते. हेबर्डनने पाहिली ती हीच कळ. झटका मात्र याहून वेगळा. साचलेल्या थरावरील पापुद्रा फाटतो, त्या जागी रक्त गोठते आणि वाहिनी पूर्णपणे बंद होते. पलीकडच्या स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि तो मरू लागतो.

असा झटका आलेला माणूस तत्काळ मरतोच असे नाही. त्याचे निदान जिवंतपणी करता येते आणि तो बराही होऊ शकतो, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये मांडले. त्यांच्या निबंधाची त्यावेळी फारशी कोणी दखल घेतली नाही. निदानाला हवा असलेला पुरावा पुढे हृदालेखाने, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या ई.सी.जी.ने, दिला. हॉलंडमधील विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे यंत्र सिद्ध केले. रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून हृदयाचा विद्युत्प्रवाह टिपावा लागे. १९२४ मध्ये आइंटहोव्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे शंभर वर्षे लोटली, शोध अनेक लागले. पण छातीत दुखणाऱ्या रुग्णाची पहिली तपासणी आजही हीच आहे आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही पाच-दहा मिनिटांत करता येते.

खाटेवरून खुर्चीत

विश्रांतीच्या दंडकाला पहिला धक्का दिला तो बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन यांनी. झटक्यानंतर अगदी पहिल्या काही दिवसांतच रुग्णाला दररोज थोडा वेळ खुर्चीत बसवावे, असा प्रयोग त्यांनी बर्नार्ड लाउन यांच्या साहाय्याने केला आणि १९५२ मध्ये तो प्रसिद्ध केला. रुग्णांना त्यापासून अपाय झाला नाही, उलट त्यांची उभारी वाढली.

तथापि झटक्यानंतर पहिल्या काही तासांत अकस्मात येणारा मृत्यू खुर्चीने टळणारा नव्हता. रक्तावाचून तडफडणाऱ्या स्नायूतील विद्युत्प्रवाहाचा ताल बिघडतो, हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते आणि नाडी लुप्त होते. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे क्लॉड बेक यांनी १९४७ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर एका चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयाला विजेचा धक्का देऊन त्याचा ताल पूर्ववत केला. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून धक्का देण्यात यश मिळविले. १९६० मध्ये बाल्टिमोर येथील कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छातीवर तळहातांनी ठराविक लयीत दाब देऊन रक्ताभिसरण तात्पुरते चालू ठेवता येते, हे दाखविले. साधने हाती आली होती, पण रुग्ण रुग्णालयभर विखुरलेले असत. थरथर सुरू झाली तर ती पाहावयास जवळ कोणी नसे. अशा रुग्णांना एका कक्षात आणून त्यांच्या हृदालेखावर अखंड नजर ठेवावी आणि तेथील परिचारिकांनाच धक्का देण्याचे शिक्षण द्यावे, ही कल्पना डेस्मंड ज्युलियन यांनी १९६१ मध्ये मांडली. हृदयरोग अतिदक्षता कक्षाचा उगम येथे आहे. यात नवे औषध काहीच नव्हते; होती ती व्यवस्था. एवढ्या व्यवस्थेने रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

मग ध्यानी आले की, अनेक रुग्ण या कक्षापर्यंत पोहोचतच नाहीत. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे फ्रँक पॅन्ट्रिज यांनी १९६६ च्या जानेवारीत रुग्णवाहिकेतच विद्युत्-धक्क्याचे यंत्र बसविले आणि डॉक्टर व परिचारिकेसह ती रुग्णाच्या दारी धाडली. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे ते यंत्र सुमारे सत्तर किलो वजनाचे होते. दोन-तीन वर्षांत त्याचे वजन तीन किलोंच्या आसपास आले. रुग्णाने उपचारापर्यंत जाण्याऐवजी उपचाराने रुग्णापर्यंत जावे, हा विचार बेलफास्टने जगाला दिला.

गुठळी विरघळविताना

येथवरचे सर्व उपचार झटक्याच्या परिणामांवर होते. मूळ कारण जी गुठळी, तिला कोणी हात लावला नव्हता. किंबहुना गुठळीमुळे झटका येतो की झटक्यामुळे मागाहून गुठळी होते, याविषयी सत्तरच्या दशकातही तज्ज्ञांत वाद होता. अमेरिकेतील स्पोकेन शहरात मार्कस डीवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मिटविला. झटक्याच्या ऐन भरात रुग्णाच्या हृद्‌रोहिणींचे क्ष-किरण चित्रण करणे त्या काळी धाडसाचे मानले जाई. त्यांनी ते केले आणि १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुखणे सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत तपासलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांची वाहिनी पूर्णपणे बंद आढळली. उशिरा तपासलेल्या रुग्णांत हे प्रमाण कमी होते, कारण काही गुठळ्या कालांतराने आपोआप विरतात. पण तोवर स्नायू मेलेला असतो.

स्नायू किती वेगाने मरतो, हे त्यापूर्वीच प्रयोगशाळेत दिसून आले होते. राइमर व जेनिंग्ज यांनी कुत्र्यांच्या हृद्‌रोहिणी निरनिराळ्या कालावधीसाठी बांधून ठेवून १९७७ मध्ये असे दाखविले की, मृत्यू हृदयाच्या भिंतीच्या आतल्या थरात सुरू होतो आणि लाटेप्रमाणे बाहेरच्या थराकडे सरकतो. चाळीस मिनिटांनी बंधन सोडले तर बराचसा स्नायू वाचे. सहा तासांनी सोडले तर वाचविण्यासारखे फारसे उरत नसे. भिंतीला लागलेली ओल आतून बाहेर झिरपत यावी, तसाच हा प्रकार; फरक एवढाच की, ओल सुकते, मेलेला हृत्स्नायू पुन्हा उगवत नाही. तेथे केवळ व्रण राहतो आणि उरलेल्या स्नायूला आयुष्यभर जादा ओझे वाहावे लागते. झटक्यातून वाचलेल्यांपैकी कितीतरी जण पुढे जिना चढताना धापा टाकतात, त्यांच्या पायांवर सूज येते, याचे कारण हेच.

गुठळी विरघळविणारा पदार्थ मात्र जुनाच होता. विल्यम टिलेट यांनी १९३३ मध्ये विशिष्ट जातीच्या जंतूंपासून मिळविलेल्या द्रव्यात हा गुण असल्याचे दाखविले होते. पुढे त्याला स्ट्रेप्टोकायनेज हे नाव मिळाले. ते शिरेवाटे दिल्याने प्राण वाचतात का, याचा निर्णायक पडताळा इटलीने घेतला. या प्रयोगाची विशेषता अशी की, तो एखाद्या विख्यात संस्थेतील निवडक रुग्णांवर झाला नाही. देशभरातील १७६ हृदयरोग कक्षांत, नेहमीच्या कामकाजात, नेहमीच्या डॉक्टरांनी तो केला. ११ हजारांहून अधिक रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. १९८६ मध्ये निष्कर्ष आले. औषध न दिलेल्यांपैकी १३ टक्के रुग्ण तीन आठवड्यांत दगावले, औषध दिलेल्यांपैकी १०.७ टक्के. हा फरक लहान वाटेल. परंतु दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासाभरात ज्यांना औषध मिळाले, त्यांच्यातील मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले होते आणि सहा तासांनंतर ज्यांना ते मिळाले, त्यांना फारसा लाभ झालेला दिसला नाही. औषध तेच, मात्रा तीच. बदलली होती ती केवळ घटका.

दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, १७,१८७ रुग्णांवरील दुसऱ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगाने आणखी एक साधी गोष्ट पुढे आणली. स्ट्रेप्टोकायनेजसोबत ॲस्पिरिनची अर्धी गोळी रोज, महिनाभर दिली. दोन्ही औषधे न मिळालेल्यांत पाच आठवड्यांतील हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण १३.२ टक्के होते. दोन्ही मिळालेल्यांत ते ८ टक्क्यांवर आले. म्हणजे दर हजार रुग्णांमागे बावन्न माणसे जगली. त्यातला मोठा वाटा त्या गोळीचा होता, जिची किंमत तेव्हाही नगण्य होती आणि आजही आहे. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात इतक्या थोड्या पैशांत इतके प्राण वाचविल्याची उदाहरणे विरळा.

याच सुमारास आणखी एक मार्ग खुला झाला होता. झुरिक येथे आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी बारीक नळीच्या टोकावरील फुगा हृद्‌रोहिणीत फुगवून अरुंद वाट रुंद केली. ही अँजिओप्लास्टी. पुढे वाट पुन्हा मिटू नये म्हणून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यात येऊ लागला. झटक्याच्या वेळी कुशल हातांनी आणि वेळेत केलेली अँजिओप्लास्टी विरघळविणाऱ्या औषधापेक्षा श्रेष्ठ ठरली आहे, यात शंका नाही. ‘वेळेत’ हा शब्द येथे कळीचा आहे. सुमारे दोन तासांच्या आत ती होण्यासारखी नसेल तर आधी जवळच्या रुग्णालयात औषध द्यावे आणि मग रुग्णाला मोठ्या केंद्राकडे हलवावे, असा आजचा वैद्यकीय दंडक आहे. अलीकडचे टेनेक्टेप्लेज हे औषध तर एकाच वेळी, काही सेकंदांत शिरेत टोचता येते. मेंदूत रक्तस्राव झालेल्या किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना अशी औषधे देता येत नाहीत. म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात.

तीनशे मिनिटे

भारतात चित्र कसे आहे, याचे उत्तर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या पाहणीने दिले. देशातील ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत दाखल झालेल्या २० हजारांहून अधिक हृदयरुग्णांची नोंद तीत घेतली होती. त्यांपैकी सुमारे साठ टक्के रुग्णांना हृद्‌रोहिणी पूर्ण बंद होऊन येणारा तीव्र झटका आला होता. त्यांना रुग्णालयात पोहोचण्यास लागलेला मध्यम काळ तीनशे मिनिटांचा होता. पाच तास! इटलीच्या प्रयोगात ज्या मुदतीत औषधाचा प्रभाव ओसरत गेला, त्या मुदतीच्या टोकाशी भारतीय रुग्ण रुग्णालयाच्या दारात येत होता.

याच पाहणीतील दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. तीस दिवसांच्या आत दगावणाऱ्यांचे प्रमाण संपन्न रुग्णांत साडेपाच टक्के, तर गरीब रुग्णांत ८.२ टक्के आढळले. गरिबांचा आजार मुळातच अधिक गंभीर होता काय? संशोधकांनी वय, आजाराची तीव्रता आणि अन्य घटकांचा हिशेब करून पाहिला, तरी अंतर कायम राहिले. मिळालेल्या उपचारांचा हिशेब केला, तेव्हा मात्र ते नाहीसे झाले. हृदय गरिबाचे आणि श्रीमंताचे एकच आहे. उपचार एक नव्हते.

हे पाच तास जातात कोठे? पहिला मोठा भाग घरातच जातो. छातीत भरून येते, घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा जड होतो आणि घरातले म्हणतात, ‘गॅस झाला असेल.’ मग ओवा, सोडा, पोट शेकणे आणि सकाळपर्यंत वाट पाहणे. हा भ्रम केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये डेन्व्हर येथे मध्यरात्रीनंतर झटका आला, तेव्हा वार्ताहरांना पोटाचा बिघाड असल्याचेच सांगण्यात आले होते आणि हृदालेख काढला गेला तो दुपारी. राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत असे होत असेल, तर कोपरगाव किंवा किनवटच्या एखाद्या घराला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? मधुमेही रुग्णांत व स्त्रियांत तर पुष्कळदा छातीत दुखतही नाही. नुसती धाप, मळमळ, अकारण थकवा किंवा घाम एवढीच लक्षणे असतात. घरातील बाई असे काही सांगू लागली की त्याकडे कामाचा शीण म्हणून पाहिले जाते आणि तिचा हृदालेख सर्वांत उशिरा निघतो.

दुसरा भाग वाटेत जातो. वाहन शोधणे, जवळच्या दवाखान्यात जाणे, तेथून ‘तालुक्याला न्या’, तेथून ‘जिल्ह्याला न्या’ असा पाठवणीचा फेरा. ‘क्रिएट’ पाहणीतील फारच थोडे रुग्ण रुग्णवाहिकेतून आले होते. महाराष्ट्रात १०८ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकाची आणीबाणी वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. आरंभी तिच्या ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक साधनांनी सज्ज होत्या आणि बरोबर डॉक्टर असावा, अशी योजना होती. पॅन्ट्रिज यांनी बेलफास्टमध्ये एका गाडीवर जे केले, त्याचेच हे विस्तारित रूप म्हणता येईल. तरीही छातीत दुखू लागल्यावर मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून जाण्याची सवय अद्याप गेलेली नाही. वाटेत हृदय थरथरू लागले तर मोटारसायकलवर करता येण्यासारखे काहीच नसते.

पाठवणीचा फेरा कमी करता येतो, याचा दाखला तमिळनाडूने दिला आहे. तेथे लहान रुग्णालये मोठ्या हृदयरोग केंद्रांशी जोडण्यात आली, हृदालेख दूरवरून तज्ज्ञांना दाखविला जाऊ लागला, औषध जेथल्या तेथे देऊन रुग्ण पुढे पाठविला जाऊ लागला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रातही सार्वजनिक आरोग्य विभागाने काही जिल्ह्यांतील शासकीय रुग्णालयांतून हृदालेख दूरस्थ तज्ज्ञांकडून वाचून घेण्याची व्यवस्था सुरू केली. लहान रुग्णालयातील तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला औषध टोचण्याचा धीर येतो तो अशा दोन मिनिटांच्या सल्ल्याने.

खर्चाचा प्रश्न राहतो. राज्याने १९९७ मध्ये सुरू केलेल्या जीवनदायी योजनेत हृदय-शस्त्रक्रियांचा समावेश होता. २०१२ मध्ये तिच्या जागी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत आली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालविली जाते. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली. पूर्वी त्यासाठी रुग्णांना याच्या कितीतरी पट रक्कम मोजावी लागे.

घरी परतल्यावर

संशोधनाने दिलेले एक देणे मात्र फुकट जाताना दिसते. झटक्यातून वाचलेल्या रुग्णाने ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, रक्तदाब व हृदयावरील ताण कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घ्यावयाच्या असतात. स्टॅटिनचा मूळ शोध जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशींचा अभ्यास करताना लावला आणि १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरील स्कँडिनेव्हियन प्रयोगाने त्यांची प्राणरक्षक शक्ती निःसंशय सिद्ध केली. या सर्व गोळ्या आज भारतात तयार होतात. तरीही २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत, भारताचा समावेश असलेल्या अल्प उत्पन्न गटातील देशांत, पूर्वी हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्या दर दहांपैकी आठ जण यांपैकी एकही औषध घेत नसल्याचे आढळले. दुखणे थांबले की गोळी थांबते, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, मोठ्या शहरातून आलेल्या रुग्णाला पुढची चिठ्ठी गावात कोणी लिहून द्यावी, हे ठरलेले नसते. वस्तुतः ती प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरने लिहून देण्यास काहीच अडचण नाही. त्यासाठी घरी येताना मिळालेला कागद मात्र जपून ठेवावयास हवा.

त्याच कागदांत रुग्णालयातून निघतानाचा हृदालेख असतो. एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाचा आलेख पुढे पुष्कळदा पूर्वीसारखा दिसत नाही. पुन्हा छातीत दुखू लागले आणि नवा आलेख काढला, तर त्यातील बदल आजचा की जुन्या व्रणाचा, हे केवळ त्या एका आलेखावरून सांगणे पुष्कळदा कठीण जाते. शेजारी जुना ठेवला की मिनिटभरात उलगडा होतो आणि औषध टोचण्याचा निर्णय तेथेच घेता येतो. तो कागद ट्रंकेत कपड्यांखाली नव्हे, दाराजवळच्या पिशवीत असावा आणि रुग्णाबरोबर जाणाऱ्या प्रत्येकाला त्याची जागा ठाऊक असावी.